विसूभटाची तिसरी ओळ

अकोल्यात विसूभटाने ज्याचा फोटो काढला, तो माणूस एकतर मेलेला असे, नाहीतर मेल्यासारखा बसलेला. यात विसूचा दोष नव्हता. तेव्हाच्या काचेच्या प्लेटी मंद होत्या. गिऱ्हाईकाने मान मागच्या लोखंडी चिमट्यात अडकवायची, डोळे ताणायचे, श्वास कोंडायचा, तेव्हा कुठे त्याचं नाक काचेवर उमटायचं. तरी लोक हलतच. कुणाला शिंक येई, कुणाला हसू. एका जिनिंगच्या मालकाला तर ऐन वेळी मुनीमजींना काहीतरी सांगायचं आठवलं, आणि फोटोत त्याला दोन तोंडं आली. मुनीमजी म्हणाले, फोटो हुबेहूब आहे.

"जित्या माणसात काही राम नाही बे," विसू म्हणायचा. "हालतात साले. मेलेला पाह्य, कसा शिस्तीत बसते!"

मेलेला बसतो, हे खरंच. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्याकडे जुनी माणसं जन्मभर फोटो काढून घेत नसत. फोटोने आयुष्य कमी होतं म्हणत. मग घरातला कर्ता म्हातारा गेला, की घटकाभराने सगळ्यांच्या ध्यानात यायचं की भिंतीवर लावायला काहीच नाही. लगेच विसूभटाला बोलावणं. म्हाताऱ्याला पगडी घालून खुर्चीवर बसवायचं, मागून कुणीतरी धरायचं, आणि घाटावर न्यायच्या आधी फोटो. डोळे मिटलेले असायचेच. ते विसू नंतर कागदावर बारीक कुंचल्याने उघडे करून द्यायचा. त्याचा हात एकाच तऱ्हेच्या डोळ्यांवर बसला होता. त्यामुळे अकोल्यातल्या साऱ्या घराण्यांचे पूर्वज आजही एकमेकांचे सख्खे भाऊ दिसतात.

विसू मूळचा भिक्षुकाच्या घरातला. त्याचे वडील नानाभटजी. जुन्या अकोल्यातली लग्नं, मुंजी आणि श्राद्धं त्यांच्याशिवाय उरकत नसत. विसू आणि मी अमरावतीच्या हायस्कुलात एका बाकावर होतो. पुढे मी वकील झालो, म्हणजे अमरावतीच्या कचेरीसमोरच्या लिंबाखाली काळा कोट घालून बसू लागलो. विसू एका फिरत्या फोटोवाल्याच्या मागे लागून कॅमेरा शिकला आणि अकोल्यात दुकान थाटून बसला. शेंडी, गंध, धोतर, सारं भिक्षुकाचं. फक्त बोटांची टोकं प्लेटी धुण्याच्या औषधाने काळीठिक्कर. पंक्तीत बसला की वाढणाऱ्या बायका वरण हातभर उंचीवरून सोडत.

भिक्षुकी सुटली तरी मंत्र सुटले नाहीत. प्लेटीवर किती वेळ उजेड पाडायचा, हे दुसरे फोटोवाले घड्याळात पाहत. विसू स्तोत्रात पाही. त्यांच्या घरात कुलदेवीचं एक स्तोत्र होतं, कुण्या खापरपणजोबांनी रचलेलं. आठ कडवी, कडव्याला चार ओळी. घराबाहेर ते कुणाला येत नसे. भर उन्हात एक ओळ, दुकानाच्या काचेच्या छपराखाली दोन, आणि आभाळ भरलेलं असेल तर अख्खं कडवं. काळं फडकं डोक्यावर घेऊन विसू भिंगाची टोपी काढी, आतून स्तोत्राचा गुरगुराट सुरू होई, आणि ओळ संपली की टोपी परत. अंधारखोलीत प्लेट धुताना आठही कडवी.

एक खोड मात्र होती. पहिल्या कडव्याची तिसरी ओळ तो खायचा. मुंजीपासूनची सवय. दुसऱ्या ओळीवरून जी उडी मारायचा, ती थेट चौथीवर. त्यामुळे ढगाळ दिवसांतले त्याचे सगळे फोटो काळपट निघत, आणि गोरीगोमटी नवरी सासरच्या भिंतीवर सावळी होऊन बसे. तारखांना अकोल्याला आलो की मी त्याच्या दुकानात इतका पडीक असायचो की ऐकून ऐकून ते स्तोत्र मलाही पाठ झालं. अर्थात तिसरी ओळ वगळून.

एकदा बार्शीटाकळीला एक वृद्ध देशमुख वारले. मी एका तारखेसाठी अकोल्याला आलो होतो, आणि तारीख नेहमीप्रमाणे पुढे गेली होती. विसू म्हणाला, "चाल बे वकील, मांगून धरायले माणूस नाही."

देशमुखांना खुर्चीवर बसवलं. मी खुर्चीमागे उकिडवा, अंगावर चादर, दोन्ही हात देशमुखांच्या खांद्यांवर. समोर विसूने फडक्यात डोकं घातलं आणि पहिली ओळ सुरू केली. तेवढ्यात माझ्या नाकावर माशी बसली. मी एक हात सोडला, आणि देशमुख पगडीसकट पुढे झुकले. आता एवढा मोठा माणूस भर सभेत लवून नमस्कार करतो म्हटल्यावर माझ्या तोंडून सवयीने निघून गेलं, "असू द्या, असू द्या!"

रडणाऱ्या बायका थांबल्या. थोरले चिरंजीव चादरीकडे पाहू लागले. चादर बोलली, असंच सगळ्यांना वाटलं, आणि मीही ते नाकारलं नाही. फोटोत देशमुखांच्या डाव्या खांद्यावर माझी चार बोटं स्पष्ट आली. विसू ती पुसून द्यायला तयार होता, पण घरच्यांनी पुसू दिली नाहीत. पूर्वजांनी पाठीवर हात ठेवला म्हणाले. तो फोटो अजून त्यांच्या दिवाणखान्यात आहे. त्या घरावरून जायची वेळ आली तर मी हात खिशात घालतो.

परतताना छकड्यात विसू माझ्याकडे पाठ करून बसला. मला वाटलं, माझ्यावर रागावला.

"बोटांचं काय घेऊन बसलास? त्यांना तर आवडली."

"बोटाचं नाही बे. या मुलुखातले सारे म्हातारे मी बसवले. आता बाबाले ऐंशी लागलं. उद्या-परवा मलेच बाबाले खुर्चीवर बसवा लागन. अन् मंग घरी येऊन कुंचल्यानं त्याईचे डोळे काढा लागन. सावकाराले काढले तेच. देशमुखाले काढीन तेच. मले बाबाचे स्वतःचे डोळे पाहिजेत, वकील. जिते."

"मग पुन्हा सांग की त्यांना, बसा म्हणून."

"सांगतलं ना. घाटावर नव्हता का तू त्या दिवशी?"

होतो. त्या दिवसाचा विषय मी मुद्दामच काढत नसे, कारण कल्पना माझी होती.

झालं असं होतं की एका सावकाराचा दहावा होता. मोर्णा नदीच्या घाटावर नानाभटजी पिंड मांडून बसले होते. मी विसूला म्हटलं होतं, नाना सांगून बसत नाहीत, पण पिंडापाशी बसले की कावळा शिवेपर्यंत जागचे हलत नाहीत, तेव्हाच लांबून काढून घे. विसूने तिकाटणं रोवलं, काळं फडकं पांघरलं आणि तयार राहिला. भिंतीवर दहाबारा कावळे होते. त्यांनी पिंडाकडे पाहिलं आणि मग विसूकडे पाहिलं. तीन पायांचं, काळं आणि आपल्याहून कितीतरी मोठं असं काहीतरी आधीच येऊन बसलेलं बघून ते जे उडाले, ते नदीपलीकडे गेले.

दुपार झाली तरी कावळा शिवेना. सावकाराच्या मुलांनी बापाला वचनं द्यायला सुरुवात केली. विहीर पुरी करू, गाय विकणार नाही, धाकट्या आईचे दागिने तिचे तिला देऊ. ही शेवटची गोष्ट तोंडातून गेल्यावर थोरल्याचा चेहरा पडला, पण बोलला तो बोलला. तरी कावळा नाही. शेवटी दर्भाचा कावळा करून काम उरकलं, आणि तेव्हा कुठे नानांना फडक्याखालचा आपला मुलगा दिसला.

नाना ओरडले नाहीत. त्यांचा आवाज घाटावरच्या चारशे माणसांना न ओरडता ऐकू जायचा.

"विश्वनाथ, तुह्या डब्यात मेलेलंच येते. मुडदा धरायले काय अक्कल लागते? उडतं पाखरू धरून दाखव. पंख उघडे पाहिजेत, पुसटलेलं नको. तो कागद आणून ठेव माह्यापुढे, मंग मी बसतो तुह्या डब्यापुढे. तोवर माह्याकडे तो डोळा करू नको."

नानांनी दिलेला शब्द म्हणजे दिलेला. कठीण होता, पण शब्द होता. त्या दिवसापासून माणसांचा फोटोवाला विसूभट पाखरांच्या मागे लागला.

चिखलदऱ्याहून विलायतेला परत निघालेल्या एका साहेबाच्या सामानाच्या लिलावात त्याने नवा कॅमेरा घेतला. त्याला आत कापडी पडदा होता. कळ दाबली की पापणी लवायच्या आत उघडून मिटायचा. तिथे स्तोत्राला जागाच नव्हती. विसू तरीही कळ दाबताना देवीचं नाव घ्यायचा.

पहिली स्वारी मेळघाटात, धारणीच्या पुढे. बारा प्लेटी घेऊन गेलो आणि बारा झाडं घेऊन आलो. जंगलात उजेड कमी, आणि निम्मी पाखरं माझ्या बोलण्याने उडाली. "बोलू नको बे," हे विसू मला आठ दिवसांत इतक्या वेळा म्हणाला की तिथल्या कोरकू वाटाड्याला वाटलं ते माझं नाव आहे. परतल्यावर विसू तो प्रत्येक फोटो दाखवून सांगे, "या फांदीवर पाखरू होतं."

मग धामणगावच्या एका कापसाच्या शेठजींनी वाट दाखवली. त्यांच्या (जिवंत) वडिलांचा फोटो काढता काढता विसूने आपलं रडगाणं सांगितलं. शेठजी म्हणाले, "भटजी, हमारे मुलुख जाओ. उधर के पहाड़ में पेड़ ही नहीं, तो पंछी छुपेगा किधर?" त्यांनी मारवाडातल्या आपल्या गावच्या हवेलीच्या राखणदाराला चिठ्ठी दिली.

भुसावळ, खंडवा, तिथून छोटी गाडी, आणि शेवटचा टप्पा उंटावरून. उंट उठतो तो आधी मागून, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी त्याच्या मानेवरून उतरून वाळूत बसलो, तेव्हा शेठजींचा राखणदार भैरजी पहिल्यांदा आणि शेवटचा हसला. वाळलेला, लांबट, फार न बोलणारा म्हातारा होता. आम्ही चार दिवसांचा प्रवास करून गिधाडांचे फोटो काढायला आलो आहोत, हे ऐकून त्याने बराच विचार केला आणि विसूला हळूच विचारलं, "आप के उधर कोई मरता नहीं?"

ते डोंगर मी आयुष्यात विसरणार नाही. वऱ्हाडी माणूस काळ्या मातीत वाढतो. पावसात पाऊल टाकलं की माती धरून ठेवते, सोडतच नाही. इथे पायाखालचं काहीच आपलं म्हणत नव्हतं. लांबवर वाळू, तिच्यातून हाडांसारखे वर आलेले उघडे खडक, आणि ऊन असं की सावलीसुद्धा कडेने कापल्यासारखी. विसू एक डोळा मिटून भोवती पाहत उभा राहिला. (तो कुठलीही गोष्ट एकाच डोळ्याने पाहायचा, दुसरा डोळा खर्च करायचा नाही म्हणे.) मग म्हणाला, "देवानं प्लेट धुतली, पण चित्र काढायचं राहूनच गेलं बे."

डोंगराच्या एका कड्याखाली खोल घळ होती, दिवसभर सावलीतली, काळीशार. कड्याच्या कपारींत गिधाडं राहत. आम्ही वर जाऊन कड्याच्या टोकाशी पालथे पडायचो. खालून गिधाड झेप घेई, घळीवर तरंगत येई, आणि त्याच्या पाठीवर ऊन पडे. काळ्या पडद्यासमोर पंख पसरलेलं उजळ गिधाड. विसूने जागा पाहिली आणि मला म्हणाला, "इथंच."

तीन दिवस तो त्या तापलेल्या खडकावर पडून होता. नाकाची सालं निघाली, पोटाला फोड आले, स्नानसंध्या राहिली. गिधाडांशी त्याचं चांगलं जमलं होतं. "हा आपल्याच धंद्यातला आहे, वकील. माणूस गेला की बाबा येते, मी येतो, अन् हा येते. हा दक्षिणा मांगत नाही, एवढाच फरक."

प्लेटी पुन्हा बाराच. एकेका लाकडी चौकटीत दोन, पुढून एक आणि मागून एक. फोटो काढून झाला की त्या बाजूला विसू कुंकवाचं बोट लावायचा. कुंकू लागलेली बाजू झाली, न लागलेली कोरी. इतकी साधी पद्धत की तिच्यात कुणी घोटाळा करू शकणार नाही, असं त्याला वाटे. त्याने माझा विचार केला नव्हता.

दुसऱ्या दिवशी विसू खाली पाणी आणायला गेला. खडकाच्या सावलीत मी आणि भैरजी, समोर कॅमेरा, माझ्या अंगात पांढराशुभ्र अंगरखा, डोक्याला भैरजीने बांधून दिलेला फेटा. मला वाटलं, अशा डोंगरात उभा असलेला आपला एक फोटो अमरावतीच्या वकिलांना दिसला पाहिजे. मी भैरजीला कळ दाखवली, काळ्या कपारीसमोर एक पाय दगडावर ठेवून उभा राहिलो आणि मिशीवर हात नेला. खट्. चौकट जागच्या जागी ठेवली. कुंकवाची डबी उघडली, आणि मिटली. कुंकू लावलं असतं तर विसूला कळलं असतं. म्हटलं, निवांत वेळ पाहून सांगू.

निवांत वेळ आली नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी दहा बाजूंवर कुंकू होतं, आणि आदल्या दोन रात्री हवेलीत धुऊन पाहिलेल्या त्या दहांतही गिधाड धड नव्हतं: कुठे नुसती शेपटी, कुठे धुराचा लोट. शेवटची चौकट उरली, तिच्या दोन बाजू कोऱ्या. त्यातली एक माझी. कोणती, ते मला आठवेना. दोन्ही बाजू सारख्याच निष्पाप दिसत होत्या.

पहिली बाजू गेली. गिधाड ऐन वेळी वळलं आणि रिकामी घळ तेवढी मिळाली. विसूने कुंकू लावलं, चौकट उलटी करून बसवली.

"विसू," मी म्हणालो.

"बोलू नको बे."

"नाही, पण ऐक ना..."

"वकील!" मान न वळवता तो म्हणाला. आवाज असा होता की त्याच्या वडिलांची आठवण व्हावी. "तुह्या पाया पडतो. जन्मात एक डाव तरी गप राह्य."

आणि जन्मात एकदा मी गप्प राहिलो.

गिधाड कपारीतून सुटलं. पंख उघडले ते दार उघडावं तसे, घाई न करता. आमच्या खाली, अगदी हाताच्या अंतरावर असल्यासारखं ते वळलं, आणि त्याच्या पाठीचं एकेक पीस उन्हात आलं. खट्. विसूने कपाळ खडकावर टेकवलं आणि तसाच पडून राहिला. मग उठला. चौकटीला कुंकू लावलं, आपल्या कपाळाला लावलं, आणि उरलेलं बोट माझ्या कपाळाला पुसलं.

"आलं बे," तो म्हणाला. "बाबा आले."

हवेलीच्या तळघरात धान्याची कोठी होती. दार लावलं की भर दुपारीही आत काळोख. लाल काचेचा दिवा लावून विसूने तबकात प्लेट बुडवली आणि स्तोत्र सुरू केलं. पहिलं कडवं, तिसरी ओळ खाऊन. दुसरं कडवं. काचेवर उजळ ते काळं उमटतं. तिसऱ्या कडव्याला तिथे काहीतरी काळं धरू लागलं. "आलं," विसू पुटपुटला. आला तो माझा अंगरखा. वकिलाला शोभेल असा कुळकुळीत काळा. मग फेटा. मग मिशीवरचा हात. आणि पाचव्या कडव्याला फेट्याच्या दोन्ही बाजूंनी, माझ्या कानांतून फुटल्यासारखे, ते अफाट पंख.

विसूने स्तोत्र तोडलं नाही. आठही कडवी पुरी केली, प्लेट धुतली, उभी करून ठेवली. मग एका डोळ्याने माझ्याकडे पाहिलं.

"कव्हा उभा राह्यला होता?"

"काल. तू पाण्याला गेलास तेव्हा."

"अन् कुंकू?"

मी काहीच बोललो नाही. दुसऱ्यांदा.

दुसरा डोळाही उघडून तो माझ्याकडे बघत राहिला, आणि वर निघून गेला. त्याने दोन शिव्या घातल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. भुसावळपर्यंत तो माझ्याशी बोलला नाही. भुसावळला केळी घेतली, त्यातली दोन माझ्यापुढे सरकवली आणि खिडकीकडे पाहत म्हणाला, "पाखरू बरोबर आलं आहे. पीस न् पीस मोजून घे. फक्त ते तुह्या डोक्यातून निघून राह्यलं."

अकोल्याला आल्यावर त्याने फोटो छापला, पेटीच्या तळाशी टाकला आणि पाखरांचा विषय बंद केला. पुन्हा जाणं शक्य नव्हतं. नानांना त्या हिवाळ्यात दोनदा धाप लागून गेली होती. विसू दुकानात बसून कुंचले धुवायचा. धुतलेलेच पुन्हा धुवायचा.

शेवटी मीच एके सकाळी, तो बाहेर गेला असताना, पेटी उघडून तो कागद काढला आणि थेट नानांकडे गेलो. नाना पडवीत पाटावर बसले होते.

"काय वकीलसाहेब, कोण गेलं?"

"कुणी नाही, नाना. तुमची अट पुरी झाली आहे." मी कागद पुढे ठेवला आणि घडलं ते सगळं सांगितलं, अंगरखा, मिशी, कुंकवाची डबी, काही लपवलं नाही. मग म्हणालो, "तरी अट पाहा. पाखरू उडतं आहे, पंख उघडे आहेत, पुसट नाही. त्यात वकील असू नये असं आपण म्हटलं नव्हतं."

नानांनी दोरा बांधलेला चष्मा कानांत अडकवला, कागद घेतला आणि उजेडासाठी अंगणात गेले. पाठमोरे बराच वेळ उभे होते. मग त्यांचे खांदे हलू लागले. मला वाटलं, धाप लागली. मी धावलो. नाना हसत होते. त्या माणसाला मी आयुष्यात कधी हसताना पाहिलं नव्हतं.

"पाखरू जितं आहे," डोळे पुसत ते म्हणाले. "वकिलाचं सांगता येत नाही." आणि कागद मला परत न देता म्हणाले, "विश्वनाथले सांग, डबा घेऊन ये. दुकानात येणार नाही मी. तिथं मुडद्याची खुर्ची आहे. इथंच बसन."

मी जन्मात जिंकलेला हा एकुलता एक खटला.

विसू आला तो धावत, आणि जुना मोठा कॅमेरा घेऊन. नेमकं त्या दिवशी आभाळ भरून आलं होतं. पडवीत उजेड जेमतेम. अख्खं कडवं लागणार होतं. नाना पाटावर ताठ, उघडे, खांद्यावर उपरणं, मान धरायला चिमटा नाही. "मी काय बैल आहे का?" म्हणाले. विसूने फडक्यात डोकं घातलं.

"बाबा, हालू नका. देवी पाहून राह्यली."

टोपी काढली. पहिली ओळ. दुसरी ओळ. नाना दगडासारखे. आणि मग विसूने सवयीने चौथ्या ओळीवर उडी मारली.

"तिसरी!" नाना गरजले. "तिसरी कुठं गेली रे? आठव्या वर्षापासून सांगून राह्यलो!" आणि बोट वर करून, ठणठणीत आवाजात, त्यांनी तिसरी ओळ स्वतः म्हटली.

मग आतून, एखाद्या नुकत्याच मुंज झालेल्या बटूसारखा, विसूने ती ओळ त्यांच्यामागून म्हटली. मग चौथी. टोपी लागली.

प्लेट धुतली तेव्हा मी शेजारीच होतो. सारं लख्ख आलं होतं: जानव्याचा पीळ, कानावरचा तीळ, पाटाची खिळेपट्टी, आणि डोळे. रागावलेले, ओले, नानांचे स्वतःचे डोळे. फक्त तोंडाच्या जागी धूर आणि वर केलेल्या बोटाच्या जागी धुराची रेघ. धंद्याच्या हिशेबाने साफ बिघडलेली प्लेट.

"दुसरी काढ," मी म्हणालो. "बसतील ते पुन्हा."

"काहून?" विसू प्लेट लाल दिव्यापुढे धरून बघत होता. त्याच्या दुकानातून निघालेला हा पहिला माणूस होता जो हलला होता आणि विसूने त्याला शिवी दिली नव्हती. "पाह्य ना बे. बाबा बोलून राह्यले."

पुढच्या पावसाळ्यात नाना गेले. शेजारचे म्हणाले, विसू, कॅमेरा आण. विसू म्हणाला, "आमच्या घरी फोटो आहे." दहाव्याला मोर्णेच्या घाटावर कावळ्याने जराही वेळ लावला नाही. नानांची काही इच्छा उरली नव्हती म्हणून, की कावळे सकाळपासून उपाशी होते म्हणून. मी वकील आहे, दोन्ही बाजू मांडतो.

त्यानंतर काही वर्षांनी मी खास फोटो काढून घ्यायला अकोल्याला गेलो. म्हटलं आपण होऊन बसावं, नाहीतर हा एक दिवस मला बसवील. आभाळ भरलेलं होतं. भिंतीवर नाना, बोट वर करून. विसूने माझी मान चिमट्यात अडकवली, माझ्या डोक्यावरची टोपी सरळ केली आणि फडक्याखाली गेला. बाहेर नुसते दोन पाय आणि एक काळं बोट.

पहिली ओळ. दुसरी ओळ. मी चौथीची वाट पाहत होतो, पण चौथी आली नाही. तिसरीही आली नाही. फडकं निश्चल. मला वाटलं, विसरला. मग ध्यानात आलं, ती ओळ आता त्याला चांगली येत होती. तो ती खात नव्हता, सोडत होता. प्रत्येक ढगाळ दिवशी, प्रत्येक गिऱ्हाईकापुढे, तेवढी जागा तो रिकामी ठेवत होता आणि थांबत होता.

मला ती शांतता सोसेना. गप्प राहायचा माझा अनुभव तुम्ही वाचलाच आहे. नानांच्या तोंडून एकदाच ऐकलेली ती तिसरी ओळ मी खुर्चीवरून मोठ्याने म्हणून टाकली. निम्मी चुकीची.

फडकं गदागदा हललं. हसत होता की काय होता, ते फडक्याखालच्या माणसाचं कळत नाही. मग चौथी ओळ आली, टोपी लागली आणि विसूचं डोकं बाहेर आलं. दोन्ही डोळे लाल.

"हाललास बे वकील," तो म्हणाला.

चौकटीला कुंकवाचं बोट लावून तो अंधारखोलीत गेला आणि दार ओढून घेतलं. विसूला पाहिलं ते शेवटचं. माझी प्लेट छातीशी धरलेली त्याची पाठ. गाडीची वेळ झाली होती, म्हणून मी थांबलो नाही. फोटो मागाहून टपालाने आला.

आमच्या दिवाणखान्यात तो लावला आहे. आलेगेले म्हणतात, बिघडला हो, तोंडच आलं नाही. मी म्हणतो, असू द्या, असू द्या.